दोन भाषांतलं भांडण

मी मासा साफ करत होते आणि भिंतीपलीकडे जुसिनेया एदिवानशी भांडत होती. भांडण म्हणजे तरी काय, त्याने येताना पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन आणायचा होता आणि तो विसरला होता, एवढंच. जुसिनेया माझी एकुलती एक. एदिवान तिचा ठरलेला नवरा, बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला, स्वभावाने गरीब. संध्याकाळी तो येतो तेव्हा त्याच्या कपड्यांना थंडीचा वास असतो, आणि मानाऊससारख्या उकाड्याच्या शहरात असा वास घेऊन कुणी दारात आलं की मला बरं वाटतं. लाकडी भिंतीतून येता येता त्यांचे शब्द पुसट होत होते. नुसते दोन आवाज उरले होते, एक चढा आणि एक दबका, पण हेल तोच, चाल तीच, श्वास घ्यायच्या जागासुद्धा त्याच. माझी सुरी थांबली. बहीणभाऊ भांडताहेत, असं मला वाटलं. वाटलं असं तरी कसं म्हणू, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथे पायरी नसावी, तसं झालं. नवराबायको एका भाषेत भांडत नाहीत. मी मासा पाटावर ठेवला, हात धुतले आणि उगाच खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली ओहोळावर प्लास्टिकच्या बाटल्या संथ फिरत होत्या, कुणीतरी रेडिओ लावला होता, तोही त्याच पोर्तुगीजमध्ये बोलत होता.

आमच्या वरच्या नदीवर माणसाची भाषा बापाकडून येते आणि बायको दुसऱ्या भाषेतून आणावी लागते. आपल्याच भाषेतली बाई म्हणजे बहीण, तिच्याकडे तसल्या नजरेनं बघायचंसुद्धा नाही. माझा बाप तुयुका, म्हणून मी तुयुका. आई लांबच्या नदीवरून, लांबच्या भाषेतून आलेली. आमची भाषा तिला पुरती कळायची, पण तोंडाने ती जन्मभर आपलीच बोलली. बाप तिच्याशी तुयुकात बोले, ती त्याला तिच्या भाषेत उत्तर देई, आणि कुणाचं काही अडत नसे. एका मोठ्या छपराखाली आम्ही सगळे राहायचो, प्रत्येक चुलीशी एक जोडपं आणि प्रत्येक जोडप्यात दोन भाषा. पहाटे मी जाळीच्या झोपाळ्यात डोळे मिटून पडून असायची आणि आवाजांवरून घर ओळखायची. एकाच भाषेतलं हसू म्हणजे बाबा नि काका. दोन भाषांतली कुजबुज म्हणजे धाकटा काका आणि त्याची नवी बायको. आई म्हणायची, "हा मासा आणलास की नुसता काटा?" आणि बाप त्याच्या भाषेत म्हणायचा, "काटा तरी आणला. तुझ्या भावांनी काय आणलं आजवर? भूक!" मग आई हसायची, आणि हसताना तिची भाषाही नसायची, बापाचीही नसायची. ते हसू अजून कधीतरी दुपारी डोळा लागता लागता ऐकू येतं. मग जाग येते तेव्हा कूलर घरघरत असतो आणि मी कुठे आहे हे कळायला जरा वेळ लागतो.

मिशनच्या शाळेत एक सिस्टर होती, गोरीपान, नाकावर कायम ऊन लागलेलं. ती मनाने वाईट नव्हती. आमच्या भाषा ऐकल्या की मात्र तिचं डोकं दुखायचं. ती सांगायची की फार पूर्वी सगळ्या जगाची एकच भाषा होती, मग माणसं माजली आणि देवाने शिक्षा म्हणून त्यांच्या भाषा वेगळ्या करून टाकल्या. माझी आत्या मला न्यायला आली होती, तीही मागे उभी राहून ऐकत होती. सिस्टर तिला म्हणाली, "बघा ना बाई, तुम्ही माणसं मूठभर आणि भाषा इतक्या! सगळ्यांची एकच असती तर किती सोपं झालं असतं?" मी ते आत्याला आमच्या भाषेत सांगितलं. आत्याने नीट विचार केला. मग म्हणाली, "एकच? मग पोरांनी लग्न कुणाशी करायचं?" सिस्टर इतकी हसली की तिने फादरला बोलावून आणलं आणि पुन्हा सांगितलं, मग फादरही हसले. आत्या हसली नाही. परत येताना वल्हं मारता मारता मध्येच थांबून मला म्हणाली, "त्या बाईला नवरा नाही ना, म्हणून तिला सुचलं हे." मी लहान होते, मला वाटलं प्रश्न तिथेच मिटला. तो इतकी वर्षं खालच्या नदीला, माझ्या स्वयंपाकघरात माझी वाट बघत बसेल असं कुणाला वाटणार!

जेवताना मी दोघांकडे बघत राहिले. एदिवान कसाव्याची भाकरी रश्शात बुडवून खात होता. "काकू, रस्सा झकास झालाय," तो म्हणाला. तो मला काकू म्हणतो. शहरात सगळे सगळ्यांना काकू म्हणतात, त्यात नातं नसतं, तोंडाची सवय असते. त्याच्या भुवया मला उगाच जुसिनेयासारख्या दिसायला लागल्या. मग नाक. मग पाणी पिताना मान तिरपी करायची लकब. दिवा गेला तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं. तो गेल्यावर मी भांडी घासायला घेतली आणि जुसिनेयाला विचारलं, "एदिवान कुठला गं?"

मी तुयुकात विचारलं. मी तिच्याशी तुयुकातच बोलते, तिला सगळं कळतं, आणि ती उत्तर पोर्तुगीजमध्ये देते. दिवसभर ती कानाला यंत्र लावून फोन कंपनीच्या गिऱ्हाइकांशी बोलते, आणि आपण कुठल्या गावच्या हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, असं तिला तिथे शिकवलंय. घरी आल्यावरही ते उतरत नाही.

"कुठला म्हणजे? कंपेन्साचा. तुला माहीत नाही का?"

"वस्ती नाही विचारली. भाषा विचारली."

"आई, तो पोर्तुगीज बोलतो, मी पोर्तुगीज बोलते. टीव्ही पण पोर्तुगीज बोलतो. झालं समाधान?"

"त्याचा आजोबा वरच्या नदीवरून आलाय म्हणतो ना तो? म्हणजे घराण्याची काहीतरी भाषा असणारच. ती देसाना निघाली तर?"

ती वाट्या विसळत राहिली. तिचा बाप, माझा आनाक्लेतो, देसाना होता. म्हणजे तीही देसाना, मग एक शब्द बोलो न बोलो.

"तर तो तुझा भाऊ लागतो," मी म्हणाले.

ती आधी हसली, अगदी सिस्टर हसली होती तशी. मग माझा चेहरा बघून थांबली. ओल्या हातांनी तिने माझं मनगट धरलं. "तू शोधू नकोस, आई. पाया पडते तुझ्या. त्याला माहीत नाही, मला माहीत नाही, तुला माहीत नाही. कुणाचं काय अडलंय?"

"आणि मला आतून खात राहील त्याचं काय?"

"मग खाऊ दे!" ती ओरडली. "मला तो हवाय. तू नाही म्हणालीस तरी मी लग्न करणार. पण मग मी इथे येणार नाही. बस बोलत भिंतींशी तुझी तुयुका."

तिने दार आपटलं नाही, हळू लोटलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. मी बराच वेळ एकच वाटी घासत राहिले. ती जे म्हणाली ते खरं होतं. या शहरात वरच्या नदीची माणसं पुष्कळ आहेत, बाजारात भेटतात, पण माझी भाषा रोज ऐकणारे कान त्या एका पोरीचेच उरले होते. ते गेले तर माझं बोलणं माझ्या तोंडातच फिरत राहणार. आनाक्लेतो होता तोवर मला हे कळलंच नव्हतं. तो त्याचं बोले, मी माझं बोले, आणि आमच्या त्या लाकडी खोलीत दोन्ही नद्या असत.

एका पोर्तुगीजमध्ये सगळ्यांचं भागतं, हे पोरीचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. आनाक्लेतो इस्पितळात पडला तेव्हा ताप डोक्यात चढून त्याचं पोर्तुगीज पार धुऊन गेलं होतं, नुसती देसाना उरली होती. कुठे दुखतंय ते तो परोपरीने सांगत होता आणि डॉक्टर भला माणूस असूनही त्याच्या तोंडाकडे बघत राहिला होता. तेव्हा जुसिनेया मध्ये उभी राहिली. बाप देसानात कण्हायचा आणि ती डॉक्टरला पोर्तुगीजमध्ये सांगायची, इथे नाही, इथे, बरगडीखाली, कालपासून. ती एक सगळ्यांची भाषा होती म्हणून त्याला खाट मिळाली, औषध मिळालं, शेवटचे दिवस जरा कमी दुखण्यात गेले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला त्या भाषेच्या पाया पडावंसं वाटत होतं. सिस्टर भेटली असती तर तिच्याही पडले असते. म्हणून मी ठामपणे काही बोलू शकत नाही. जगात एकच भाषा असावी की हजार असाव्यात, हे मला विचाराल तर मी म्हणेन, इस्पितळात एक असावी. पण तो गेला त्या पहाटे जुसिनेया रडली ती पोर्तुगीजमध्ये रडली. मला तिचा राग आला नाही, पण भीती वाटली. आमच्याकडे रडताना नातं सांगायचं असतं. मेलेला आपला कोण होता ते सुरात सांगत रडायचं, आणि ते ज्याचं त्याच्या भाषेत. घरात मरण झालं की त्यानंतर पहिल्यांदा भेटणारं प्रत्येक माणूस आपल्यासमोर बसतं आणि दोघं मिळून रडतात, मगच पुढचं बोलणं. इथे तसं कुणी आलं नाही. शेजारीण केक घेऊन आली, पाठीवर हात फिरवून गेली. माझं रडणं अजून बाकी होतं.

रविवारी मी एदिवानला म्हणाले, मला तुझ्या आजोबांकडे ने. तो खूश झाला, बिचाऱ्याला वाटलं लग्नाची बोलणी. जुसिनेया आतल्या खोलीत केस विंचरत होती, ती बाहेर आली नाही. बसमध्ये मी त्याला सहज विचारलं की तुझे वडील काय बोलायचे. "पोर्तुगीज," तो म्हणाला. "ते मोटारसायकलच्या कारखान्यात होते. मी लहान असतानाच गेले. आई मग दुसरं लग्न करून बोआ व्हिस्ताला गेली. आजोबांनीच वाढवलं मला." "आणि आजोबा?" "पोर्तुगीज. ते म्हणतात, दुसरं काही येतच नाही मला." तो हसला. "झोपेत काहीतरी पुटपुटतात, पण ते तर सगळेच पुटपुटतात ना, काकू?" मी नदीवर वरपर्यंत निरोप पाठवून विचारू शकले असते, तिथे कुणाला ना कुणाला माहीत असतंच. पण नदीवर एकाला विचारलं की सगळ्या नदीला कळतं.

लेओन्सियोबाबा एका खोलीत राहत होते, पत्र्याच्या छपराची, ओहोळाच्या अगदी काठावर. जमिनीवर बसून चाळण विणत होते. कोपऱ्यात टेबलफॅन खडखडत होता, मान इकडून तिकडे फिरवायचा आणि एका ठिकाणी येऊन अडकायचा. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि एदिवानला थंड काहीतरी आणायला पिटाळलं. मी तुयुकात बोलायला लागले. त्यांनी प्रत्येक गोष्टीचं उत्तर बरोबर दिलं, पोर्तुगीजमध्ये. मग मी माझ्या आईच्या भाषेत विचारलं, मला ती थोडीशीच येते, की ही विणायची पट्टी कुठून आणता. "बाजारातून," ते पोर्तुगीजमध्ये म्हणाले, "इथे कुठला आलाय वेत!" त्यांना सगळंच कळत होतं. पण कळणं हा काही पुरावा नाही, आमच्याकडे सगळ्यांना सगळं कळतं. माणूस कुणाचा ते तो काय बोलतो त्यावर ठरतं.

"बाबा, तुमची भाषा कोणती?" मी शेवटी सरळच विचारलं.

"ही काय, बोलतोय ती."

"ही दुकानातली झाली. घरातली?"

"घर आहे कुठे, पोरी? ही एक खोली आहे." ते मान वर न करता विणत राहिले. "इकडे येताना बोटीत गर्दी फार होती. मी सामान सांभाळलं, भाषा पाण्यात पडली. कोण उडी मारणार तिच्यासाठी!"

"पाण्यात पडली ती कुठली होती?"

"ओली," ते म्हणाले.

मला हसू आलं आणि रागही आला. आनाक्लेतो असाच होता, त्याच्याकडून काही काढून घ्यायचं म्हणजे सरळ विचारून उपयोग नसायचा. मी विचारायचं सोडून दिलं. पंखा खडखडत राहिला. खाली ओहोळावरून उकाड्याचा, चिखलाचा वास येत होता, आणि त्यात कुठेतरी कच्च्या कसाव्याचा आंबूस वास मिसळला होता, आमच्या मोठ्या घराच्या मागच्या अंगाला यायचा तसा. डोळे जड झाले. मला वाटलं, मी थोडा वेळ नुसती बसून राहिले तरी चालेल, इथून कुठेच जायला नको, काही कळायलाही नको. मग त्यांनीच विचारलं, रीतीप्रमाणे, हळू आवाजात, "तुझा माणूस कसा गेला?"

मी काही ठरवून आले नव्हते, खरंच सांगते. मी सांगायला लागले, ताप, इस्पितळ, बरगडीखालचं दुखणं, आणि सांगता सांगता माझा आवाज आपोआप त्या सुरात गेला. इतके दिवस अडून राहिलेलं सगळं वर आलं. माझ्या लेकीचा बाप, माझ्या चुलीचा माणूस, दुसऱ्या नदीवरून येऊन मला घेऊन जाणारा, असं म्हणत मी तुयुकात रडू लागले, हातांनी डोकं झाकून, गुडघ्यांवर कपाळ टेकून. लाज वाटली नाही. आणि मग माझ्या आवाजाखालून दुसरा आवाज सुरू झाला. म्हातारा, फुटका, बऱ्याच वर्षांनी दार उघडावं तसा कुरकुरत. माझ्या धाकट्या भावाचं पोर, तो आवाज म्हणत होता, माझ्या भावाचं पोर, आमच्या आवाजातलं एक पोर, माझ्या आधी का गेलास. आनाक्लेतोच्या आवाजाचीच ती चाल होती. ती देसाना होती.

आम्ही दोघं रडलो. पुरं रडलो. मला एकाच वेळी इतकं हलकं वाटत होतं आणि इतकं भयंकर वाटत होतं, की कोणतं आधी धरावं ते कळेना. डोळे पुसून मी वर बघितलं तेव्हा दारात एदिवान ग्वारानाची बाटली धरून उभा होता, घाबरलेला. लेओन्सियोबाबांनी पालथ्या हाताने तोंड पुसलं. चाळण उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग माझ्याकडे बघून अगदी सावकाश, पोर्तुगीजमध्ये विचारलं, "काही ऐकलंस का, पोरी?"

त्या डोळ्यांकडे बघवेना. एदिवान बाटली हातात घेऊन उभाच होता, थंडीने बाटलीला पाणी सुटलं होतं आणि ते त्याच्या मनगटावरून ओघळत होतं.

"तुमच्या पंख्याचा आवाज फार आहे, बाबा," मी म्हणाले. "काही ऐकू येत नाही."

"तेल घालायला झालंय त्याला."

"नका घालू," मी म्हणाले.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. शहर मागे सरकत होतं, पाट्या, फळांच्या गाड्या, चर्चबाहेर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, सगळ्यांची तोंडं हलत होती. सगळे एकमेकांचे बहीणभाऊ, मला वाटलं, आणि कुणालाच पत्ता नाही. आनाक्लेतो माझ्या शेजारी बसला असता तर काय म्हणाला असता? ओरडला असता. माझी मुलगी माझ्याच भावकीत देतेस? मग थोड्या वेळाने शेंगदाणे काढून खायला लागला असता, त्याचा राग फार टिकत नसे. पण हा टिकला असता, मला माहीत आहे. मी मनात त्याच्याशी भांडत होते, माझ्या भाषेत, आणि तो त्याच्या भाषेत उत्तर देत होता. मला भीती वाटत होती. नुसती पापाची नाही. मला पोरगी गमावायची भीती वाटत होती, आणि ती पापाच्या भीतीपेक्षा मोठी आहे हे कळल्याची वेगळी भीती वाटत होती.

"आजोबांना कधी रडताना बघितलं नव्हतं," एदिवान म्हणाला. "काय म्हणत होते ते?"

"म्हातारी माणसं रडतात तेव्हा काही म्हणत नाहीत."

तो माझ्याकडे वळला. "जुसिनेयाबद्दल मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं ना, तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं. तिच्या बापाची भाषा कोणती. मी म्हटलं, देसाना. बास, तेव्हापासून कमीच बोलतात. दुपारी पडायचे, तेही बंद केलंय हल्ली. मला वाटलं, त्यांना ती पसंत नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणजे म्हाताऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नातवाचं घर मोडू नये म्हणून तो जागेपणी आणि झोपेत तोंड मिटून बसला होता, आणि मी जाऊन त्याला रडवून आले. आणि तरी इतक्या दिवसांनी मला रडायला एक माणूस मिळालं होतं, याचं सुख माझ्या छातीतून जात नव्हतं.

बाईची भाषा पुढे जात नाही आमच्याकडे. ती मांडीपर्यंत जाते, पोर मांडीवर असेतो. मग पोर उठून बापाच्या भाषेत चालायला लागतं. मी जुसिनेयाला तुयुका ऐकवली, दिली नाही, कारण ती माझी द्यायची नव्हतीच. माझा एकच भाऊ होता, झेकारियास, तो द्यायला होता, आणि तो लग्नाआधीच धबधब्यात गेला. तुयुकाचं आमच्या घरातलं दार तिथेच बंद झालं होतं. मी एदिवानकडे बघितलं. या मुलाकडे कुठलीच भाषा नव्हती, होती ती सगळ्यांची होती. त्याच्या आजोबाने त्याला द्यायची ती गिळून टाकली होती, त्याच्याच सुखासाठी. रिकाम्या हातांचं पोर. आणि माझे हात भरलेले, घेणारं कुणी नाही. असं काही करता येतं का, हे विचारायला आत्या हवी होती. ती म्हणाली असती, नाही. मग वल्हं मारता मारता मध्येच थांबली असती.

"मला काकू म्हणू नकोस," मी म्हणाले.

"मग? आई म्हणू?"

"छे! आत्या म्हण. आपल्यात आत्याची मुलगी करायची असते. त्याच्यापेक्षा चांगलं स्थळ नाही."

"पण तुम्ही माझ्या आत्या कुठे लागता?"

"माझ्या भावाला मुलगा नव्हता," मी म्हणाले. "आता आहे." आणि मी त्याला माझ्या भाषेतला आत्या हा शब्द सांगितला. तो चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्या वेळी जरा जवळ आला. बसमधली माणसं वळून बघायला लागली तरी मी त्याला म्हणायलाच लावत राहिले.

घरी जुसिनेया दारातच उभी होती, चेहरा उतरलेला. "सापडली?" तिने विचारलं. मी म्हणाले, "नाही. म्हाताऱ्याची पाण्यात पडली. म्हणून मी माझी दिली त्याला. तुला चालत असेल तर तो आता तुयुका." ती माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या गळ्यात पडली, आणि तिला खरं काय कळलं नि काय नाही, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

लग्न झालं. एदिवान रोज संध्याकाळी कामावरून आला की थंडीच्या वासासकट माझ्यासमोर बसायचा आणि मी त्याला शिकवायची, मासा, मिरची, झोपाळा, ये, जा, ऊठ. कान बरा होता त्याचा, जीभ जड. जुसिनेया आधी हसायची. मग हसेनाशी झाली. मला कळत होतं, तिचा जळफळाट होत होता. इतकी वर्षं मी जे तिच्यावर ओतत आले ते आता दुसरा कुणी उचलून आपलं म्हणत होता. एका रविवारी लेओन्सियोबाबा जेवायला आले होते. एदिवान पाण्याचा कॅन आणायला पुन्हा विसरला होता. ती त्याला बोलली, आणि त्याने मोडक्यातोडक्या तुयुकात उत्तर दिलं, डोकं गरम, नदी जवळ, तूच जा. मी स्वयंपाकघरात रस्सा ढवळत होते. मग जुसिनेयाचा आवाज चढला आणि त्यातून देसाना बाहेर आली. बापाची देसाना, बाप गेल्यापासून एकदाही न काढलेली, तोच हेल, शेवटाला तीच ओढ. "तुला एवढीशी तुयुका आली तर डोक्यावर बसलास? माझ्याकडेही आहे माझी!"

माझी पळी थांबली. भिंतीपलीकडे नवराबायको भांडत होती. दोन भाषांत. मी डोळे मिटले आणि क्षणभर मोठ्या छपराखाली जाळीच्या झोपाळ्यात होते, पहाट होत होती, आई हसणारच होती. रस्सा उकळून चुलीवर सांडला तेव्हा मी भानावर आले. वाडगी भरून बाहेर गेले तर जुसिनेया अजून तावातच होती. लाल झालेली, सुंदर दिसत होती. ती लेओन्सियोबाबांकडे वळली आणि त्याच भरात, देसानातच, म्हणाली, "आजोबा, तुम्ही तरी सांगा ना काहीतरी याला!"

म्हाताऱ्याच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. त्यांचं तोंड उघडलं. मला त्यांची जीभ हललेली दिसली. या शहरात मला ठाऊक असलेलं दुसरं एकही माणूस नव्हतं जे या पोरीला तिच्या बापाच्या भाषेत उत्तर देऊ शकलं असतं, आणि तिने आजोबा म्हटलं होतं, आणि भाषेच्या नात्याने ते खरोखरच तिचे आजोबा होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हातात वाडगं धरून उभी होते. मी मान हलवली नाही, डोळाही हलवला नाही.

"मला नाही कळलं, पोरी, काय म्हणालीस ते," ते पोर्तुगीजमध्ये म्हणाले. "मिरची दे जरा इकडे."

मी मिरचीचं वाडगं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी भरपूर घेतली, डोळ्यांतून पाणी वाहू लागेपर्यंत.